दाराजवळची खुर्ची

ते दोन स्पीकर प्रसेनजीतनं स्वतःच्या हातानं बनवले होते. शाहूपुरीतल्या एका दुकानात रेडिओ-टेप दुरुस्त करता करता तो हे शिकला. शिकवायला कुणी बसलं नव्हतं. जाड प्लायची खोकी, आत कापूस, खाली जाड आवाजाचा आठ इंची वूफर, वर बारीक आवाजाचा ट्वीटर. बँकेत लागलेल्या दत्तप्रसादच्या हॉलमध्ये त्यानंच ते मेजरटेप धरून मांडले. दोन खोक्यांत सहा फूट, आणि ऐकणाऱ्याच्या कानापासून प्रत्येक खोकं सहा फूट. स्टुलावर बसून, पुढं-मागं सरकून त्यानं ती जागा शोधली. तिथं बसलं की सतारवाला दोन खोक्यांच्या मधे हवेत मांडी घालून बसलाय असं वाटायचं. हातभर बाजूला सरकलं की तो उठून कोपऱ्यात जायचा.

नंतर त्या जागी दिवाण आला. आणि प्रसेनजीतसाठी दाराजवळ एक लाल प्लास्टिकची खुर्ची आली.

साल सत्त्याण्णव. दर रविवारी सकाळी दत्तप्रसाद त्याला ऐकायला बोलवायचा. पहिल्या रविवारी म्हणाला, "तू हितं बस जित्या. बास हितं जाड लागतोय." हे खोटं नव्हतं, भिंतीपाशी बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, फुगतोच. तिसऱ्या रविवारी म्हणाला, "जवळनं कान बसत्यात रं." पाचव्या रविवारी, "दिवाण अक्काचा हाय, तिचं गुडघं दुखत्यात." अक्का म्हणजे दत्तप्रसादची आई. सातव्या रविवारी अक्का लेकीकडं गेली होती. त्या दिवशी शेजारचा जोतीराम आला, ज्याला सतार आणि सरोद यातला फरक कळत नव्हता, आणि दिवाणावर पाय पसरून चक्क घोरला. प्रसेनजीत खुर्चीवरच.

तो काही खुळा नव्हता. पण पाचवी ते दहावी दोघं एका बाकावर बसले होते. एका कंपासपेटीवर दोघांची भूमिती पार पडली होती. म्हणून दत्तप्रसादला कारण सुचलं नाही तर प्रसेनजीत स्वतःच मनात एखादं शोधून ठेवायचा. बाकावरचा तो दत्त्या खरा होता का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. आणि कळू नये असंही वाटत होतं.

घरी आई, बायडाबाई, भाकरी थापता थापता दर रविवारी विचारायची, "आज कुठं बसलास?"

"खुर्चीवर."

"दारातल्या?"

"बास चांगला लागतोय तिथं."

"व्हय. माझ्या बाला बी पाटील दारातच बसवायचा. तिथं वारं चांगलं लागतंय म्हणायचा."

दहाव्या रविवारी प्रसेनजीत मेजरटेप, पक्कड आणि जादा वायर घेऊन गेला. अक्का, जोतीराम आणि दत्तप्रसाद दिवाणावर होते. "जोडणी जरा बघतो," म्हणत त्यानं दोन्ही खोकी उचलली, वायर वाढवली आणि तोंडं दाराकडं फिरवली. टेपनं मोजलं. खोक्यांत सहा फूट, खुर्चीपासून सहा-सहा. सतारीची सीडी लावून तो खुर्चीवर बसला. सतारवाला दाराशी आला.

"आवाज पार फाटलाय रं," दत्तप्रसाद दिवाणावरून म्हणाला.

"फाटला न्हाय. जागा बदललीया." प्रसेनजीत उठून बाजूला झाला. "ये, बस हितं."

दत्तप्रसाद आवाजाचा लोभी माणूस. एका चांगल्या सीडीसाठी पुण्याला जाऊन येणारा. तो आला. खुर्चीजवळ थांबला. मग गुडघे वाकवून, हात मांड्यांवर टेकवून, ओणवा झाला, आणि बसलेल्या माणसाचा कान जिथं येईल नेमका तिथं त्यानं कान आणला. डोळे मिटले.

"वा रं जित्या. काय बसलाय आवाज."

"तू बस की."

"न्हाय, असंच बरं लागतंय."

"खुर्ची मोकळी हाय की," जोतीराम म्हणाला.

सतार चालू होती. दत्तप्रसादच्या मांड्या थरथरायला लागल्या. वीतभर अंतरावर खुर्ची रिकामी. अक्का कधी खुर्चीकडं, कधी पोराकडं बघत होती. "दत्ता, पाय दुखतील. ये हिकडं," ती हळूच म्हणाली.

प्रसेनजीत त्या मांड्यांकडंच बघत उभा होता. मेजरटेपचं पातं त्यानं खटकन आत सोडलं. आता मोजायला काही उरलं नव्हतं.

"खोकी हुती तिथं लावून जा की," दत्तप्रसाद कंबर सरळ करत म्हणाला.

"हाईत तिथं बराबर हाईत. बसायची तेवढी लाज सोडा." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं दत्त्याला अहोजाहो केलं. मग खुर्ची उचलली. "ही माझीच न्हवं? दहा रविवार दुसरं कोण बसलं न्हाय हिच्यावर."

तो खुर्ची घेऊन जिना उतरला. एक-एक पायरी मुद्दाम सावकाश. कुणीतरी म्हणेल, अरे, आमची खुर्ची कुठं नेतोस. चोराला म्हणतात तसं तरी म्हणेल.

वरून सतार तेवढी ऐकू येत होती.

त्यानं खुर्ची सायकलच्या कॅरिअरला वायरनं आवळून बांधली. घरी बायडाबाईनं ती दारातून उचलून आत, पंख्याखाली ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसून म्हणाली, "घट्ट हाय की."