ट्राउगॉटची दाढी

ट्राउगॉट उलिगची दाढी छातीपर्यंत आली होती आणि तिला वस्तरा लावायचा नाही अशी त्याची शपथ होती. ड्रेस्डेनमध्ये लोक राजाविरुद्ध उठले, तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ गॉटहेल्फ रस्त्यात खांद्याला खांदा लावून उभे होते. राजा लोकांचे हक्क मान्य करत नाही तोवर दाढी करायची नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. उठाव चिरडला गेला. गॉटहेल्फ गोळी लागून तिथेच पडला. केम्निट्झला परतली ती ही दाढी, आणि तिच्यामागून ट्राउगॉट.

घरी हातमाग होता, पण गिरण्या आल्यापासून त्यावरच्या कापडाला कुत्रं विचारत नव्हतं. शेवटी त्याची बायको रोझीन गिरणीत वाफेच्या मागांवर कामाला लागली. "जा त्या राक्षसाच्या पोटात! पण तिथे काय झालं ते मला येऊन सांगू नकोस," असं तो रागाच्या भरात बोलून गेला होता. तिने ते भलतंच मनावर घेतलेलं दिसत होतं. हल्ली त्याने काही विचारलं की ती नुसती मान हलवायची आणि बटाटे सोलत राहायची. एवढी बडबडी बाई, आणि घरात चिडीचूप! त्यापेक्षा कडाक्याचं भांडण परवडलं असतं.

एका शनिवारी तो तिला आणायला गिरणीच्या फाटकाशी गेला. रोझीन रस्त्याच्या अलीकडे होती, तिच्या शेजारच्या मागावरची मिना पलीकडे. मधून घोडागाड्या जात होत्या. दोघी आवाज न काढता नुसते ओठ हलवत होत्या आणि रोझीन पोट धरून हसत होती. तिचं ते हसू त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

रोझीन पाव घ्यायला पुढे गेली, तसं त्याने मिनाला गाठलं.

"हे काय चाललंय तुमचं? नवऱ्याशी बोलायला तेवढं तिला तोंड नाही?"

"तोंड आहे हो. कान गेलेत तिचे," मिना म्हणाली. "त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतंय? आम्ही सगळ्याजणी ओठांवरूनच बोलतो. पण तुमचे ओठ तिला दिसायचे कसे? त्या झुडपातून?"

ट्राउगॉट घरी गेला नाही, तडक न्हाव्याकडे गेला. वस्तरा जवळ आला तसा त्याला घाम फुटला. गॉटहेल्फला काय सांगायचं? त्याने डोळे मिटले, मनातल्या मनात भावाची माफी मागितली आणि मान मागे टाकली.

घरी परतताना वाटेत उठावातला जुना साथीदार लोबेगॉट भेटला.

"अरे वा! गेलास शेवटी राजाला शरण?"

"राजाला कसला? बायकोला," ट्राउगॉट म्हणाला आणि पुढे चालू लागला.

रोझीन टेबलाशी पाव कापत होती. त्याला पाहिलं आणि तिची सुरी हातातच राहिली. तो खिडकीच्या उजेडात जाऊन उभा राहिला. सवय नसल्याने जरा वेडंवाकडं तोंड करत, आवाज न काढता, हळूहळू म्हणाला, "सांग मला, काय काय झालं ते."

तिचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने एप्रनने ते पुसले.

"थांब, आता रडवू नकोस," ती म्हणाली. "मला दिसेनासं होतं."