हॅकर आत्या

माझी आत्या एकोणीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होती. कुणाचा नळ कोरडा, कुणाकडे गढूळ पाणी, हे आधी तिच्या कानावर पडायचं आणि मग ती ते योग्य त्या साहेबांच्या कानावर घालायची. पुढे कार्यालयाने यंत्र बसवलं. तक्रारीसाठी एक दाबा, जुन्या तक्रारीसाठी दोन दाबा. आत्याला एक पुष्पगुच्छ मिळाला आणि घरी जायची मोकळीक. वय चव्वेचाळीस.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. आई म्हणाली, शिवणकाम सुरू करा. बाबा, म्हणजे आत्याचे मोठे भाऊ, म्हणाले की आता जरा आराम कर. याचा अर्थ आमच्या घरच्या कामांना हात लाव, असा होता. आत्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी हॅकिंगच्या क्लासमध्ये नाव नोंदवून आली.

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. "या वयात चोरी शिकणार?"

"चोर कुठून शिरतात ते शिकणार, दादा. ते सांगणाऱ्याला लोक पगार देतात."

बाबांनी यावर बरंच काही ऐकवलं. ती तोवर चष्मा पुसत बसली.

क्लास एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर होता. खिडक्यांना काळा कागद डकवलेला, कारण उजेडात हॅकिंग होत नाही अशी तिथल्या सरांची श्रद्धा असावी. सर अठ्ठावीस वर्षांचे. भर उन्हाळ्यात काळी हूडी घालून, टोपी कपाळापर्यंत ओढून बसायचे. पोरं त्यांना मागून घुबड म्हणायची. पहिल्या दिवशी त्यांच्या पडद्यावर हिरवी अक्षरं धबधब्यासारखी कोसळत होती आणि सगळी पोरं श्वास रोखून बघत होती. आत्याने हात वर केला आणि दिवा लावता येईल का, कीबोर्ड दिसत नाही, असं विचारलं. दिवा लागला तेव्हा दिसलं की तो नुसता व्हिडिओ होता. संपायला तीन मिनिटं उरली होती.

वर्गातल्या निम्म्या पोरांना आपल्या प्रेयसीचं खातं उघडायचं होतं, उरलेल्यांना परीक्षा विभागाचं. सर प्रोग्रामांची नावं फळ्यावर लिहायचे आणि पोरं ती मंत्रासारखी उतरवून घ्यायची. एखादा प्रोग्राम आत नेमकं काय करतो, असं आत्याने विचारलं की सर म्हणायचे, ते पुढच्या लेव्हलला. तिसऱ्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मग क्लास न सोडता ती घरीच शिकायला लागली. सकाळची भांडी आवरली की जेवणाच्या टेबलावर माझा जुना लॅपटॉप, शेजारी रेघांची वही आणि लाल पेन. इंटरनेटवर फुकटचे धडे असतात, आणि लोकांनी सराव करावा म्हणून मुद्दाम कच्चे ठेवलेले संगणकही असतात. त्यांच्यावर ती रोज डोकं आपटायची. चुकलं की वहीत लाल खूण. पहिली वही जवळजवळ लालच झाली. एक दिवस तिने मला हाक मारली.

"अगं, हे आमच्या स्विचबोर्डासारखंच आहे. एक जण मागतो, दुसरा जोडून देतो. आणि जोडणारा विचारतच नाही, की बाबा रे, तू कोण?"

तीन महिन्यांनी क्लासचं प्रमाणपत्र वेबसाइटवर आलं. त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी चारशे बारा असा आकडा होता. आत्याने तो चारशे अकरा केला. लगेच दुसऱ्याच एका मुलीचं प्रमाणपत्र उघडलं, फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता, फोन नंबर, सगळ्यासकट. आत्याने ते पान बंद केलं आणि चारशे दहा करून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांना एकटं गाठून तिने हे हळू आवाजात सांगितलं.

सरांनी टोपी आणखी खाली ओढली. तो सापळा होता म्हणाले, तुमची परीक्षा घेत होतो. आत्या म्हणाली, मग झाली ना परीक्षा, आता तेवढं दार लावून घ्या. संध्याकाळपर्यंत क्लासच्या ग्रुपमधून तिचा नंबर उडाला होता. आठवड्याभराने भोक बुजलं आणि क्लासची जाहिरात आली: आमच्या विद्यार्थ्यांनी शोधली खऱ्या वेबसाइटमधली त्रुटी. कुणाच्या वेबसाइटमधली, ते लिहायचं राहून गेलं होतं.

नोकरी शोधणं त्याहून अवघड निघालं. नवशिक्यांसाठीच्या जागेला पाच वर्षांचा अनुभव लागत होता. एका मुलाखतीत माझ्याहून लहान दिसणाऱ्या साहेबाने तिला विचारलं, दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? पंचावन्नाव्या वर्षात, आत्या म्हणाली. तिथून बोलावणं आलं नाही. आणखी सात ठिकाणांहूनही नाही. बाबा रोज संध्याकाळी काही कळलं का विचारायचे, आणि नाही म्हटलं की त्यांना चार घास जास्त जायचे.

शेवटी पाच माणसांच्या एका लहान कंपनीच्या मालकाने तिला घेतलं. त्याने प्रमाणपत्र बघितलंच नाही. चारशे अकरा नंबरची गोष्ट मात्र दोनदा सांगायला लावली. "शोधणारे पुष्कळ मिळतात," तो म्हणाला, "थांबणारे मिळत नाहीत." दुसरं कारण तिला नंतर कळलं. त्याची पोरं कुठलीही यंत्रणा फोडायची, पण फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

पहिलं मोठं काम एका विमा कंपनीचं आलं. तिथले कर्मचारी किती सावध आहेत ते तपासायचं होतं. कंपनीच्या संचालकांचं लेखी परवानगीपत्र पर्समध्ये ठेवून आत्याने फोन लावायला घेतले. कॉम्प्युटर विभागातून बोलते, तुमचा पासवर्ड आज संपतोय, चालू ठेवायचा तर मला सांगा. एकोणीस वर्षं घोटलेला आवाज होता तो. बत्तीस जणांपैकी सत्तावीस जणांनी सांगून टाकला. एकाने तर घरचाही देऊ का म्हणून विचारलं. आत्या पासवर्ड लिहून घेत नव्हती, फक्त नावापुढे बरोबरची खूण करत होती. सत्तावीसमधले एक होते कंपनीचे सुरक्षाप्रमुख. त्यांनी आपला पासवर्ड दोनदा फोड करून सांगितला आणि पहिलं अक्षर मोठं आहे, लिहिलंत ना, अशी खात्रीही करून घेतली. पासवर्ड कुणालाही सांगू नका, अशी पोस्टर्स त्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येक मजल्यावर लावली होती. स्वतःच्या फोटोसह.

दुसऱ्या दिवशी आत्या एसी दुरुस्तीवाली बनून, हातात मोठा खोका घेऊन त्यांच्या इमारतीत गेली. खोका घेतलेल्या बाईला सगळे दार उघडून धरतात, असा तिचा अंदाज होता. दारावरच्या रखवालदार बाईने दार धरलं नाही. ओळखपत्र मागितलं, कुणी बोलावलं ते विचारलं. आत्याने गोड बोलून पाहिलं, काकुळतीला येऊन पाहिलं, शेवटी तुमची तक्रार करीन अशी दमदाटीही केली. बाई म्हणाली, साहेबांना खाली येऊ द्या, तोवर बसा, आणि तिने स्वतःची खुर्ची पुढे केली. आत्या चाळीस मिनिटं बसली, साहेब काही आले नाहीत, आणि ती खोका घेऊन परत आली. हरून आल्यावर तिला इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

अहवालाच्या बैठकीत सुरक्षाप्रमुख तावातावाने बोलले. अहवाल एकांगी आहे, वरिष्ठांची नावं त्यात नकोत. आपण किती कडक आहोत ते सांगताना त्यांनी असंही सांगितलं, की परवाच एसीवाल्या बाईला अडवून उद्धट बोलल्याबद्दल दारावरच्या बाईला मेमो दिला आहे.

आत्याने पेनाला टोपण लावलं. "ती एसीवाली मी होते. मेमो मागे घेतल्याशिवाय मी या अहवालावर सही करणार नाही."

तिच्या मालकाने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. सुरक्षाप्रमुख म्हणाले, प्रश्न वागणुकीचा आहे.

"वागणुकीचंच सांगते. तिने मला खुर्ची दिली. तुम्ही पासवर्ड दिलात."

संचालकांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. दोन दिवसांत मेमो मागे घेतला गेला. अहवालात सुरक्षाप्रमुखांचं नाव जाऊन तिथे एक वरिष्ठ कर्मचारी असं आलं, आणि आत्याने सही केली. ते तिला आजही बोचतं. पुढे एका परिषदेत, स्वतःच्या कंपनीची निर्भय तपासणी करवून घेतल्याबद्दल सुरक्षाप्रमुखांचा सत्कार झाला. मालकाने सांगितलं होतं म्हणून आत्याने मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात ती त्या रखवालदार बाईला मुद्दाम भेटायला गेली. तुमच्यासारखी माणसं आमच्या कामाला हवीत, शिकणार असाल तर मी शिकवते, असं म्हणाली. बाईने सगळं नीट ऐकून घेतलं, कामात काय काय करावं लागतं ते विचारलं, मग मान हलवली.

"म्हणजे दिवसभर खोटंच बोलायचं ना, ताई? परवानगीने का होईना. मला नाही जमायचं ते."

आत्याने घरी येऊन हे सांगितलं आणि आम्ही सगळे हसलो. तीही हसली, मग चष्मा पुसत बसली. सोमवारी ती वेळेवर कामावर गेली. तपासणीसाठी नव्या कंपनीची यादी आली होती, चाळीस नावांची. तिने पहिला नंबर फिरवला.