दोघांचा एक प्रोजेक्ट

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी मुलांच्या हॉस्टेलसमोर टायसाठी गर्दी झाली होती. अख्ख्या शेवटच्या वर्षात टायची गाठ मारता यायची ती एकट्या नागनाथ शेटेला. तो कट्ट्यावर बसून एकेकाची मान पुढे ओढायचा, गाठ आवळायचा आणि सलूनवाल्यासारखा ओरडायचा, "चला, पुढचं गिऱ्हाईक!"

मल्लिनाथ बिराजदारनं आपल्या दाजींचा ब्लेझर घातला होता. दाजी अंगानं दीडपट, त्यामुळे बाह्या बोटांपर्यंत यायच्या आणि दर दोन मिनिटांनी त्या वर ओढाव्या लागायच्या. ऑक्टोबरातलं सोलापूरचं ऊन सकाळीच तापायला लागलं होतं. श्रीलता इराबत्तीनं स्कूटी लावली आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय बे, लग्नाला चाललास का?"

"हस की. तुझं काय जातंय! पहिली छाप महत्त्वाची असते म्हणलेत हलकुडे सर."

"छाप पडायच्या आधी तूच पडशील उकाड्यानं. काढ की ते, आत जाताना घाल."

"काढलं तर शर्टाची घडी दिसतीय. काल आणलाय, इस्त्री नाही."

श्रीलता हसली खरी, पण धाकधूक तिलाही होती. घरातून निघताना अम्मानं दही-साखर हातावर ठेवली होती आणि तेलुगूत बजावलं होतं, "आत जाऊन भरभर बोलू नकोस. तू चिडलीस की भरभर बोलतेस." तिचे वडील, नाना, टॉवेलच्या कारखान्यात दिवसपाळीला गेले होते. त्यांनी जाता जाता नुसतं डोक्यावर हात ठेवला होता. त्यामुळे तर तिला जास्तच दडपण आलं होतं.

श्रीलता आणि मल्लिनाथ यांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एकत्र होता. शहराच्या पूर्व भागातल्या श्रीलताच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून दोघांनी फोनवरचं एक अ‍ॅप बनवलं होतं. ज्याच्या नळाला पाणी आलं त्यानं बटण दाबायचं, अशा तिघांनी दाबलं की गल्लीतल्या सगळ्यांचे फोन वाजायचे. मल्लिनाथनं फोनवर दिसणारं सगळं केलं होतं आणि मागचं, म्हणजे कुणी दाबलं ते साठवायचं, तपासायचं आणि मेसेज पाठवायचं काम श्रीलताचं. गल्लीतल्या बायका ते खरोखर वापरायला लागल्या होत्या, आणि याचा दोघांना फार अभिमान होता.

प्लेसमेंटचं बघणारे हलकुडे सर सेमिनार हॉलमध्ये माईक घेऊन उभे राहिले. कंपनी पुण्याची होती, पगार चांगला होता, आणि सरांना मुलांपेक्षा जास्त घाम फुटला होता.

"शेवटचं सांगतो," ते म्हणाले. "प्रोजेक्टबद्दल विचारलं की 'वुई डिड, वुई डिड' करायचं नाही. कंपनी तुमच्या ग्रुपला घेणार नाहीये. 'आय' म्हणायचं. आय डिझाइन्ड, आय डेव्हलप्ड, आय टेस्टेड! काय म्हणायचं?"

"आय!" हॉल गरजला. मल्लिनाथनं तर डोळे मिटून तीनदा पुटपुटून घेतलं.

लेखी परीक्षेत निम्म्याहून जास्त मुलं गळाली. दुपारी मुलाखतीला उरलेल्यांत हे दोघंही होते. आडनावाच्या इंग्रजी अक्षरानुसार आधी मल्लिनाथ आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा ब्लेझर हातावर होता आणि चेहरा उतरलेला.

"काय विचारले बे?" श्रीलतानं विचारलं.

"काही नाही... नेहमीचंच," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी पाणी पिऊन येतो." आणि कूलरकडे न जाता भलतीकडेच गेला.

थोड्या वेळानं श्रीलताला बोलावलं. आत दोघं बसले होते. टिपणीस सर उंच, पुण्याचे, शांत. शेजारी नंबियार मॅडम, केरळच्या. त्यांच्यासमोर शेंगाचटणीची पुडी उघडी होती. कुणीतरी पाहुणचार म्हणून दिलेली असणार. मॅडम चिमूटभर तोंडात टाकत होत्या, डोळ्यांतून पाणी काढत होत्या आणि परत चिमूट घेत होत्या.

सुरुवात बरी झाली. टिपणीसांनी कागदावर एक कोडं सोडवायला दिलं, तिनं सोडवलं. मॅडमनी त्यात खुसपट काढलं, ते तिनं सुधारलं. सगळं इंग्रजीतून चाललं होतं आणि आपण अडखळत नाही आहोत याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. मग प्रोजेक्टचा विषय निघाला. तिनं उत्साहानं सांगायला सुरुवात केली, नळ, बटण, मेसेज. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मिस इराबत्ती," टिपणीस म्हणाले, "हाच प्रोजेक्ट मघाशी एका मुलानं सांगितला. मिस्टर बिराजदार. सगळा त्यानं एकट्यानं केलाय म्हणाला."

श्रीलताचे कान तापले. मेसेज पाठवायचं सुद्धा? जे तिनं चार वेळा पुसून परत लिहिलं होतं ते सुद्धा? जिभेच्या टोकावर आलं होतं, 'खोटं बोलतोय तो'. तेवढं म्हटलं असतं तर तिचं काम झालं असतं आणि त्याचं संपलं असतं. पण ज्यानं तिच्या गल्लीतल्या घराघरांत जाऊन म्हाताऱ्या बायकांना बटण कसं दाबायचं ते शिकवलं, तो मल्लिनाथ तिला चांगला ठाऊक होता. काहीतरी गफलत झाली होती.

"सर, त्याला आत बोलवता का?" ती म्हणाली. "तो समोर असताना बोलते. मागे नको."

टिपणीसांच्या भुवया वर गेल्या. असली मागणी त्यांच्याकडे आजवर कुणी केली नसावी. मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बोलवा की. मलाही ऐकायचंय."

मल्लिनाथला वाटलं, आपली निवडच झाली. तो ब्लेझर चढवून, बाह्या ओढत, हसत आत आला. श्रीलताला बघितलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"बसा," टिपणीस म्हणाले. आता ते मराठीत बोलत होते. "मी मघाशी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. तीन जणांनी बटण दाबल्याशिवाय मेसेज जात नाही. तीनच का? तुम्हाला सांगता आलं नाही. आता यांना विचारतो. तीनच का?"

"कारण एका रविवारी आमच्या शेजारच्या जंपन्ना मामांचा अंगठा चुकून बटणावर पडला, सर," श्रीलता म्हणाली. "सगळी गल्ली घागरी घेऊन नळाशी. पाण्याचा थेंब नाही. मला आठवडाभर बोलणी बसली. म्हणून मी तीन केले. एकाची चूक होईल, तिघांची होणार नाही."

"मी दोन कर म्हणत होतो," मल्लिनाथ हळूच म्हणाला.

"नुसतं 'दोन कर, दोन कर' म्हणून डोकं खाल्लास. का ते सांगितलास का कधी?"

"सांगायला लागलो की तू भरभर बोलायला लागतीस! मला बोलू कुठं देतीस?"

"मी कुठं भरभर बोललाले?"

"आत्ता काय करलालीस मग?"

"काय म्हणताहेत?" मॅडमनी टिपणीसांना विचारलं.

"अर्धं मलाही कळत नाहीये," टिपणीस म्हणाले. "भांडताहेत. चालू द्या."

मॅडम पुढे झुकून इंग्रजीत म्हणाल्या, "एक सांगा दोघं. चुका दोन तऱ्हेच्या होणार. पाणी आलं नाही आणि मेसेज गेला, ही एक. पाणी आलं आणि मेसेज गेला नाही, ही दुसरी. जास्त नुकसान कशात?"

गेल्या महिन्यातली दुपार श्रीलताच्या डोळ्यांपुढे आली. अख्खी गल्ली लग्नाला गेली होती. घरी होत्या नरसूबाई एकट्या. त्यांनी बटण दाबलं, दाबत राहिल्या, पण त्या एकट्याच होत्या. मेसेज गेला नाही. मंगल कार्यालय दोन गल्ल्या सोडून तर होतं. कळलं असतं तर माणसं पळत आली असती. पुढचे चार दिवस सगळ्यांनी टँकरमागे घालवले. 'असं रोज थोडंच होतं' म्हणून तिनं तो विषय सोडून दिला होता.

"दुसऱ्या चुकीत," ती सावकाश म्हणाली. "खोटा मेसेज गेला तर बायका चार शिव्या देतात आणि झोपतात. पाणी चुकलं तर चार दिवस कोरडे." तिनं मल्लिनाथकडे बघितलं. "सर, याचं बरोबर आहे. माझं चुकलंय. तीन जास्त होतात. खरं म्हणजे दोनसुद्धा जास्त."

मल्लिनाथ तिच्याकडे बघतच राहिला. वर्षभरात तिच्या तोंडून हे वाक्य त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

"पण मग मामांच्या अंगठ्याचं काय?" आता तोच उलट्या बाजूनं बोलायला लागला. "एकावरच पाठवलं तर परत तेच."

"फोन वाजवायचाच नाही पहिल्यांदा."

"म्हणजे?"

"एकानं दाबलं की नुसतं दिसलं पाहिजे. 'नरसूबाई म्हणतायत पाणी आलंय, बघून घ्या.' दुसऱ्यानं दाबलं की मग वाजवायचा."

"आणि झोपलेत त्यांचं? ते कुठं बघतात?"

"हां... मग एकदाच बारीक वाजवू. खच्चून नको."

"थांब, थांब. ज्याचा नळ शेजारी आहे त्यालाच आधी विचारू. 'तुमच्याकडं आलंय का?' हो की नाही, दोनच बटणं. मोठी काढतो."

"आण कागद!"

टिपणीसांपुढचा कागद तिनं न विचारताच ओढला. मल्लिनाथनं ब्लेझर काढून खुर्चीवर टाकला आणि चुरगळलेल्या शर्टानिशी चौकटी काढायला लागला. ती बाण काढत होती, तो खोडत होता. आपण मुलाखतीला बसलो आहोत हे दोघं साफ विसरले होते. शेवटी टिपणीस खाकरले, तेव्हा दोघं एकदम सरळ बसले.

"एक राहिलं," टिपणीस म्हणाले. "बिराजदार, सगळं मी एकट्यानं केलं असं म्हणालात."

मल्लिनाथनं मान खाली घातली. "सर, आम्हाला 'वुई' म्हणू नका असं सांगितलं होतं. मी पाठ करून आलो. एकदा 'आय' म्हणायला लागलो आणि मग थांबायचं कुठं ते कळेना. तुम्ही मान डोलवत होता, मी म्हणत गेलो. बाहेर गेल्यावर हिच्या तोंडाकडं बघता येईना. मागचं सगळं हिनं लिहिलंय. माझी फक्त बटणं आणि रंग."

"फक्त कसली?" श्रीलता एकदम म्हणाली. "सर, आमच्या गल्लीतल्या बायका चष्म्याशिवाय ते वापरतात. याची बटणं नसती तर माझं लिहिलेलं कुणी उघडलंसुद्धा नसतं."

मॅडमना हे शब्दशः कळलं नसेल, पण त्या हसल्या आणि चटणीची पुडी दोघांपुढे सरकवली. "घ्या. पुष्कळ भांडलात."

बाहेर आल्यावर दोघं जिन्यावर बसले.

"लै चुकलो गं," मल्लिनाथ म्हणाला. "मारायचं असलं तर मार."

"मारलं असतं. पण दाजींचा ब्लेझर फाटला असता."

"मला तर वाटतंय आता आपण दोघंही गेलो. तिथं भांडलाव आपण. कंपनीवाल्यांसमोर!"

"आणि त्यांचा कागद घेतलाव," श्रीलता म्हणाली. आणि दोघं इतकी हसायला लागली की नागनाथ वरून वाकून बघायला लागला.

निकाल सांगायला कंपनीची एक मुलगी हॉलमध्ये आली. ती दिल्लीकडची होती आणि सोलापुरी आडनावांशी तिची चांगलीच झटापट चालली होती. मल्लिनाथचं नाव आलं, तेव्हा मागच्या बाकांवरून शिट्ट्या पडल्या. त्यानं मात्र उठण्याऐवजी श्रीलताकडे बघितलं. आणखी नावं आली. श्रीलता नखं बघत बसली. मग त्या मुलीनं थांबून, डोळे बारीक करून वाचलं, "शिरी... लता... ऐरा बाटी?"

कुणीच उठेना.

"बाटी कोण बे?" मागून कुणीतरी विचारलं.

"अगं ऊठ की! तूच की ती!" मल्लिनाथ ओरडला आणि तिची ओढणी ओढूनच तिला उभं केलं. मग जो गलका झाला त्यात हलकुडे सरांचा माईकही कुणाला ऐकू आला नाही. सर स्वतःच 'वुई डिड इट, वुई डिड इट' म्हणत फिरत होते आणि त्यांना ते दाखवून द्यायला कुणाला सवड नव्हती.

श्रीलतानं कारखान्यात फोन लावला. आधी ती नावाची गंमतच सांगायला लागली आणि मागाच्या खडखडाटात नानांना काही कळेना. "काय? बाटी?" ते ओरडले. शेवटी तिनं तीन वेळा तेलुगूत "उद्योगम्", म्हणजे नोकरी, म्हणून सांगितलं, तेव्हा पलीकडे एकदम सगळं शांत झालं. बहुतेक कुणीतरी माग बंद केला असावा. मग नानांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक, "अम्माला मी सांगतो. तू नको सांगूस."

संध्याकाळी दोघं कँटीनपाशी चहा पीत उभी होती, तेव्हा टिपणीस सर गाडीकडे जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आले.

"अभिनंदन दोघांचं. एक विचारायचं होतं. पुण्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो, त्याचाही काही नेम नसतो. तुमचं हे तिथं चालेल का?"

"चालेल की," मल्लिनाथ म्हणाला.

"नाही चालणार," श्रीलता म्हणाली. "टँकर एकाच ठिकाणी थांबतो, सर. तिथं शेजारच्या नळाचा प्रश्नच येत नाही, सगळं परत लिहावं लागेल."

"परत कशाला? नुसतं एक बटण कमी करायचं!"

"तुला काय, बटण कमी करायला दोन मिनिटं लागतात. मागचं कोण करणार?"

गाडीत बसलेल्या नंबियार मॅडमनी खिडकीतून हात बाहेर काढून टिपणीसांना बोलावलं. पुण्याचा रस्ता लांबचा होता. पण टिपणीस जागचे हलले नाहीत. त्यांनी कँटीनवाल्याला बोटानंच आणखी एक चहा सांगितला.