बिनखिळ्याची भिंत

पहिला घाव भिंतीवर कोरलेल्या मोरावर बसला. लाकडी मान तुटून अंगणात पडली.

"बाहेर ये, व्याही!" लासिमानने कुऱ्हाड उपसली. "पोरगं खाल्लंस माझं, आता लपतोस काय?"

कास्मुरी लपला नव्हता. दर्शनी भिंतीत दारासाठी सोडलेल्या रिकाम्या चौकटीत तो उभाच होता. लेक कुनार्ती रांगत होती तेव्हापासून तो ही सागवानी भिंत तिच्या लग्नासाठी कोरत होता. जपारा गावात हात त्याच्यासारखा कुणाचा नव्हता, आणि इतकी धारदार जीभही नव्हती. दाराला रुंद फळी मिळेना, तेव्हा होणाऱ्या जावयाला तो चारचौघांत म्हणाला होता, "एक फळी आणवत नाही, जुमादी, आणि माझी पोरगी नेणार?" सगळे हसले. जुमादीही हसला. मग काल रात्री तो साग तोडायला सरकारी जंगलात शिरला आणि आज पहाटे वनरक्षकांनी त्याला गोळी घातली.

लासिमानबरोबर आलेल्यांपैकी कुणीतरी कास्मुरीच्या कानशिलात लगावली. तो कोसळला तशा पोटात, तोंडावर लाथा बसू लागल्या. कुनार्ती धावली, तिला केसांना धरून मागे ओढलं. लासिमानने कास्मुरीचाच लाकडी हातोडा उचलला, त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि हाणला. बोटं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"निवलास आता?" कास्मुरीने कसंबसं विचारलं.

"नाही! जाळणार आहे मी ही भिंत!"

तेवढ्यात मशिदीतले, गावातल्या मयतांचे विधी करणारे म्हातारे मोदीन धापा टाकत आले. "लासिमान, पोराला न्हाऊ घातलंय. पण कबरीत त्याच्यावर माती पडू नये म्हणून लावायला फळ्या नाहीत रे. सकाळी रक्षकांनी चोरीचा साग म्हणून गावातली फळीन् फळी उचलून नेली. बांबूच घालू या."

"बांबू?" लासिमानचा आवाज फाटला. "माझ्या जुमादीच्या अंगावर बांबू?"

सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या. गावात साग उरला होता तो एवढाच, घराला जोडलेला म्हणून रक्षकांनी सोडलेला.

"कुऱ्हाड ठेव," कास्मुरी म्हणाला. तोंडातून रक्त येत होतं. "फळी चिरली तर कामाची राहणार नाही. एकही खिळा नाहीये भिंतीत. डावीकडची खुंटी आधी काढ. आतून ठोक, हळू."

लासिमानने कुऱ्हाड खाली टाकली. मग तोच रक्ताळलेला हातोडा घेऊन आत गेला. खुंटी निघाली आणि फळी अलगद त्याच्या हातात आली. फळी कवटाळून तो ढसाढसा रडला.

"मी त्याला तसं बोलायला नको होतं रे," कास्मुरी म्हणाला.

"बोलू नकोस. पुढची खुंटी सांग."

एकेक फळी उतरत गेली. आयुष्य घातलेलं काम कास्मुरी आपल्याच तोंडाने मोडायला लावत होता, पण त्याने एकही खुंटी चुकीची सांगितली नाही. दुपारपर्यंत घर समोरून उघडं पडलं.

"नक्षी कुठल्या अंगाला ठेवायची?" लासिमानने विचारलं.

"खाली. त्याच्याकडे."

शेवटची फळी मोराची होती. घाव बसला तिथे टोचरी कुसळं निघाली होती. कुनार्ती ती मांडीवर घेऊन पॉलिशपेपरने घासत बसली.

"पोरी, उशीर होतोय," मोदीन म्हणाले.

"घासू द्या तिला," लासिमान म्हणाला, आणि उंबऱ्यावर कास्मुरीशेजारी बसला.