आत्याच्या गुडघ्यातला नळ

"तुझं ऑपरेशन मी करणार नाही," असं डॉक्टरांनी आत्याला दहादा सांगून पाहिलं. पण आत्या कुणाचं ऐकते थोडीच! "परक्याच्या हातात माझा पाय देणार नाही," म्हणाली, विषय संपला. आईविना राहिलेल्या या डॉक्टर भाच्याला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं, तळमजल्यावरून पाण्याच्या बादल्या वर चढवून. त्यातच तो गुडघा कामातून गेला होता.

कंबरेखालचं अंग बधिर केलं होतं, बाकी आत्या टक्क जागी होती. एका नळीने सलाईन गुडघ्यात शिरत होतं, दुसरीने बाहेर पडत होतं, आणि त्या वाहत्या पाण्यात सांध्यातली फाटकी गादी दुर्बिणीतून पडद्यावर लख्ख दिसत होती. आत्याचं लक्ष मात्र वर टांगलेल्या, भराभर रिकाम्या होणाऱ्या पिशवीकडे.

"किती पाणी घालवतोस रे? बंद कर तो नळ!"

डॉक्टरांच्या बोटांनी नळीची चावी खटकन बंद केली. डोक्याला विचारलंसुद्धा नाही. बघता बघता पडदा लालभडक झाला. सिस्टर मास्कच्या आत हसली.

"आत्या, पाणी थांबलं की मी आंधळा होतो!" डॉक्टर वैतागून म्हणाले आणि त्यांनी चावी उघडली. रक्त धुऊन निघालं, गादी पुन्हा दिसू लागली.

आत्याची नजर पिशवीवरून पडद्याकडे वळली. मग उभ्या जन्मात जे तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, ते म्हणाली.

"सोड बाबा. हवं तेवढं पाणी सोड."