मुरुमच्या गादीवरचे वीस सेकंद

मी मुरुमच्या क्रीडा मंडळातली ज्युदोची गादी बोलतेय. अंगावर निळं रेक्झिन, पोटात घट्ट फोम, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. टेंपोतून उतरले तेव्हा एकानं विचारलं, "लग्न कुणाच्या घरी हाय?" त्याचा राग मला अजून आहे.

माझ्यावर पुष्कळ जण आपटले, पण जीव लागला तो समृद्धीवर. तिचे वडील शिवप्पा जुने पैलवान. पोर लाल मातीत वाढलेली. समोरचीला ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडायची. पण पाठ टेकली रे टेकली की सोडून उठायची आणि मातीसारखा मला हात लावून कपाळाला न्यायची. कुस्तीत तेवढ्यावर भागतं. ज्युदोत मात्र पाठ जोरात, सपाट आपटली नाही तर खाली वीस सेकंद धरून ठेवावं लागतं. गेल्या वर्षी जिल्ह्याची अंतिम लढत ती अशीच हरली. हिचा नमस्कार चालला होता, तोवर ईट गावच्या राजनंदिनीनं हिलाच खाली घेऊन दाबून धरलं.

मग प्रशिक्षक संघप्रिया मॅडमनी तिच्याकडून एकच पकड घोटून घेतली. "छातीवर आडवी पड. एक हात मानेखाली, एक मांडीखाली. कंबर खाली ठेव, आणि सोडू नकोस."

दारात उभे शिवप्पा हसले. "पाठ लागली की संपलं की वो मॅडम. निजलेल्याला काय धरून बसायचं?"

"मग तुम्हीच निजा, काका."

नव्वद किलोंचे शिवप्पा चपला काढून आडवे झाले. माझं पोट पाठीला लागलं. पन्नास किलोंची समृद्धी त्यांच्यावर. त्यांनी कूस बदलली, पाय झाडले, मानेवर सगळं अंग उचललं. पोरगी त्यांच्याबरोबर सरकत राहिली, पण कंबर काही वर येऊ दिली नाही.

"वीस," मॅडम म्हणाल्या.

"लई चिवट हाय," शिवप्पा घाम पुसत म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज निजायला येऊ लागले.

यंदाची स्पर्धा तुळजापुरात होती. तिथं गाद्या कमी पडल्या म्हणून मलाही नेलं. अंतिम लढतीत पुन्हा राजनंदिनीच समोर. समृद्धीनं तिला माझ्यावर पाडलं, पकड घेतली, आणि सवयीनं एक हात सुटून माझ्याकडे यायला लागला. माझा जीव टांगणीला लागला.

"सोडू नगंस, पोरी," शिवप्पांचा आवाज आला.

हात परत मानेखाली गेला. राजनंदिनी तडफडली, तशी समृद्धी सरकत गेली. वीस सेकंद झाले, घंटा वाजली, पंचांनी हात वर केला, तरी ही सोडेना.

"सोड आता," शिवप्पाच म्हणाले. "जिंकलीस."

तेव्हा कुठं तिनं मला हात लावून कपाळाला नेला. अभिमानानं माझा फोम फुगायचा तेवढा बाकी राहिला.

आता माझी शिवण उसवलीय, नव्या गाद्या यायच्यात म्हणे. खुशाल येऊ देत. मला कोपऱ्यात टाका, पण पायताण घालून चढू नका. शिवप्पा अजून रोज संध्याकाळी इथं निजतात. लेकीच्या हातून ते एकदाही सुटलेले नाहीत, आणि हे ते अख्ख्या मुरुमला छाती फुगवून सांगतात.