निळ्या शर्टाची लांबी

माप

आधी शर्टाचं सांगून टाकू, म्हणजे डोंगर चढायला मोकळे.

शर्ट निळा, पळायचा, पातळ कापडाचा. मालक लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. माणूस उंचीने बेताचा आणि शर्ट कुणा ताडमाड माणसासाठी शिवल्यासारखा; तरी बरेच दिवस तसाच घालून पळायचा. "एवढा कमी करा," म्हणून त्याने तो शिंपीणबाईच्या दुकानात अंगावर चढवला. तिने खाली बसून, टाचण्या ओठांत धरून, कड दुमडली आणि कच्चा टाका घातला.

शिवणकामाशी संबंध नसलेल्यांसाठी: कच्चा टाका लांब आणि सैल असतो, एका ओढीत निघतो. गिऱ्हाईक पुन्हा येणार असेल तेव्हाच तो घालतात. अंगावर बघायचं, कमीजास्त करायचं, मग मशीनवर पक्की शिलाई.

पुन्हा यायच्या आधीच लिफ्टवाल्याची बदली झाली. दूर, उंच इमारतींच्या शहरात. "शर्यतीच्या दिवशी येतो," तो दारात उभा राहून म्हणाला. "शर्ट तयार ठेवा." दुकानात तो तिला अहो-जाहो करायचा. डोंगरावर अगं-तुगं. तिलाही ते तसंच बरं वाटायचं. दोन घरं असल्यासारखं.

पक्की शिलाई म्हणजे चहा उकळेपर्यंतचं काम. तिने ते केलं नाही. काम झालं की कपडा घरी जातो.

चौघं

शिंपीणबाई, लिफ्टवाला, बेकरीवाली, मास्तर.

बेकरीवालीचं दुकान शिंपीणबाईच्या समोर. पहाटे भट्टी लावून झाली की तिला पुढचे दोन तास काय करायचं कळत नसे, म्हणून ती पळायला लागली. मास्तर निवृत्त, आयुष्यभर गणित शिकवलं आणि आता चढाचा कोन तोंडी काढून सगळ्यांचा उत्साह घालवायचे. डोंगरातल्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत चौघांची नावं घातली ती मात्र लिफ्टवाल्याने. कुणाला न विचारता.

"पळायचं वय होतं तेव्हा कुणाबरोबर पळून गेली नाहीस," शिंपीणबाईची आई म्हणाली, "आणि आता तिघांबरोबर डोंगरात पळतेस."

यांचा एक नियम होता. वळण आलं की पुढच्याने थांबायचं, शेवटचा दिसला की निघायचं. आणि शेवटचा कायम लिफ्टवाला. त्याला पळता येत नव्हतं असं नाही. त्याच्या कामात सगळ्यांना बाहेर काढून झाल्यावर स्वतः निघायचं असतं, ते अंगात मुरलेलं. त्यामुळे शिंपीणबाई वळणावर उभी राहायची, झाडांमधून आधी निळं काहीतरी हलायचं, मग तो. तेवढी दोन श्वासांची वाट बघणं. तिला वाटायचं ती डोंगरावर चढ चढायला जाते. बदली झाल्यावर कळलं, वळणांसाठी जात होती.

पिना नकोत

शर्यतीचे नंबर आदल्या दिवशी वाटले. कागदावर छापलेले, मागे एक पातळ पट्टी. ती पट्टी वाटेतल्या चटईवरून गेली की चटई वाजते, आणि हा अमुक माणूस इथवर पोचला असा मेसेज त्याच्या फोनवर जातो. नंबराबरोबर चार पिनाही मिळाल्या.

"पिना कापडाला भोकं पाडतात," शिंपीणबाई म्हणाली आणि सगळ्यांचे शर्ट घेऊन बसली. नंबर तिने कडेकडेने टाके घालून शिवले. मास्तरांचा, बेकरीवालीचा, स्वतःचा. चौथाही. निळ्यावर.

"येणार आहे का तो?" बेकरीवालीने विचारलं.

"म्हणाला होता."

"कधी?"

शिंपीणबाईने दोरा दातांनी तोडला. एरवी ती कात्री वापरते.

सुरुवात

तो आला नाही.

चटई

आता इथे चूक झाली. सामान ठेवायच्या तंबूत निळा शर्ट ठेवून द्यायला हवा होता. पण तिने विचार केला, उशीर झाला असेल, पहिल्या चौकीला गाडीरस्ता येतो, तिथे गाठेल. म्हणून शर्ट घडी करून पाठीवरच्या पिशवीत घातला. फोन बंद करून त्याखाली ठेवला. अडीअडचणीला चार्जिंग उरायला हवं.

पहिली चौकी ओढ्याकाठी. मास्तर गेले, चटई वाजली. बेकरीवाली गेली, वाजली. शिंपीणबाई गेली, लागोपाठ दोनदा वाजली.

"तुला दोनदा का?" बेकरीवाली केळं सोलत म्हणाली.

"तुझ्या बेकरीचं खाऊन माझं वजन दोघांचं झालंय."

"मग पैसे एकाचेच का देतेस?"

मास्तर हसता हसता खोकले. शिंपीणबाई रस्त्याकडे बघत होती. एक गाडी आली, तिच्यातून पाण्याचे डबे उतरले. बाकी कोणी नाही.

चढ सुरू झाला. पायाखाली आधी माती, मग सुटे दगड, मग नुसता खडक. मास्तरांनी कोन सांगायला सुरुवात केली, तेव्हा बेकरीवालीने त्यांच्या तोंडात खजूर कोंबला. धारेवरच्या चौकीवर चटई पुन्हा दोनदा वाजली. या वेळी चेष्टा करायला कुणात दम नव्हता.

वळण

उतारावर तिचा डावा गुडघा बोलू लागला. दोघं पुढे गेले. रानातलं एक वळण आलं, मोठ्या झाडाला वळसा घालणारं.

ती थांबली.

वळण आलं की थांबायचं. तिने गुडघ्यावर हात ठेवले, मान वळवली आणि मागच्या वाटेकडे बघू लागली. पानं हलत होती. एक पक्षी खाली उतरून माती टोकरून गेला. तिला घाई नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. तिच्या अंगावरचा घाम वाळला, थंडी वाजली, तरी ती शेवटचा दिसायची वाट बघत उभी.

"अगं ए!" खालून बेकरीवाली धापा टाकत परत चढून आली होती. "पाय मोडला का?"

"नाही."

"मग?"

"शेवटचा दिसला नाही अजून."

बेकरीवालीने तिच्याकडे बघितलं. मग वाटेकडे. मग खांद्यावरून पाठीवरच्या पिशवीकडे, जिच्या चेनमधून निळ्या कापडाचं टोक बाहेर आलं होतं.

"शेवटची तूच आहेस," ती हळू म्हणाली. "मी आणि मास्तर केव्हाचे तुझ्यासाठी थांबलोय. चौकी बंद करतात, मग गाडीत घालून खाली नेतात. चल, बाई माझी."

शिंपीणबाईने एकदा मागे बघितलं आणि निघाली. रडली नाही. उतारावर डोळे स्वच्छ लागतात.

तंबू

शेवटच्या चौकीवरचा माणूस दोरी बांधायला उठलाच होता, तेव्हा तिघं घुसली. संपायच्या कमानीखालून तर हातात हात घालून गेली. मास्तर मध्ये, कारण त्यांना दोन्हीकडून आधार हवा होता.

कर्ण्यावरून तिघांची नावं पुकारली. पाठोपाठ चौथं. लिफ्टवाल्याचं पूर्ण नाव, आडनावासकट, जे या तिघांनी कधी तोंडात घेतलं नव्हतं. क्षणभर तिघंही वळून बघत राहिली.

वेळनोंदीच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, "हे चौथे कुठे आहेत?"

शिंपीणबाईने पिशवीतून शर्ट काढून टेबलावर ठेवला.

"हे आले नाहीत," ती म्हणाली. "मी आणले."

"असं चालत नाही हो."

"माहीत आहे. रद्द करा."

बाईने शर्टाकडे बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि नोंद पुसायच्या आधी पाण्याची बाटली पुढे केली. मास्तरांनी खुर्ची ओढली. मग शिंपीणबाईने फोन चालू केला.

फोन

तुम्ही ओढ्याच्या चौकीवर पोचलात असा मेसेज आलाय मला. मी बाल्कनीत चहा पितोय.

मास्तर असले उद्योग करणार नाहीत. बेकरीवालीला माझा शर्ट कुठे आहे ठाऊक नसणार. म्हणजे तुम्ही.

म्हणजे तू.

धार ओलांडली आपण. आता उतार. डाव्या पायावर भार देऊ नकोस.

बराच वेळ काही आलं नाही. मी कुठे अडकलोय?

वळणावर उभी असशील तर निघ. मागे कोणी नाही.

शेवटची चौकी. वाचलो.

तिकीट काढलं होतं. सुट्टी नाही मिळाली असं सांगणार होतो. मिळाली होती. आलो असतो तर परत इथे येता आलं नसतं, आणि इथली नोकरी सोडवत नाही. एवढंच आहे. आणखी काही नाही.

पोचलो म्हणे. पाय खरंच दुखताहेत.

आणि अगदी आत्ताचा, ती वाचत असताना आलेला: रद्द झालो. बरोबरच आहे. शर्टाचं काय?

बेकरीवाली तिच्या खांद्यावरून वाचत होती. तिने तोंड उघडलं. मास्तरांनी उरलेला खजूर तिच्या हातात दिला.

शिंपीणबाईने बराच वेळ लावून लिहिलं: लांबी अजून करायची आहे. अंगावर बघितल्याशिवाय होत नाही.

पाठवलं. उत्तर येईल म्हणून फोन हातात धरून बसली. पलीकडे तो लिहितोय असं दिसत होतं. मग दिसेनासं झालं. मग पुन्हा दिसलं. मग नाही.

उसवण

दुसऱ्या दिवशी ती जिना आडवी पावलं टाकत, कठड्याला धरून उतरली. दुकान उघडलं, निळा शर्ट टेबलावर पसरला. नंबराचे टाके कापून कागद वेगळा केला. खालच्या कडेचा जुना टाका दिवसभर पिशवीत घासून निम्मा निघाला होता. उरलेला एका ओढीत आला. घडीची रेघ मात्र कापडावर उमटलेली होती, तेवढ्या उंचीच्या माणसाची.

मशीन शेजारीच होतं. निळा दोराही लावलेला होता, शर्यतीच्या आधीपासूनचा.

तिने सुई घेतली. त्याच रेघेवर कड दुमडली, आणि लांब, सैल टाके घालत गेली.

आई मागच्या खोलीतून चहा घेऊन आली. "कुणाचा गं हा? कधीचा पडलाय. शिवून दे की एकदाचा."

शिंपीणबाईने शर्ट झटकला आणि अर्धवट कपड्यांच्या दांडीवर अडकवला, दाराच्या बाजूला.

"बघायला यायचेत ते अजून," ती म्हणाली.